एम.आर्च.चा निकाल येईपर्यंत: अर्ज पाठवल्यापासून १५ एप्रिलपर्यंतची कामे, क्रमाने

अमेरिकेतल्या एम.आर्च.च्या (वास्तुकलेच्या पदव्युत्तर पदवीच्या) अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत संपते. निकाल साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत येतात. मधल्या दोन-अडीच महिन्यांत बरेच अर्जदार दिवसातून दहा वेळा ईमेल उघडतात, इतरांना निकाल आला का ते विचारतात आणि बाकी काहीच करत नाहीत. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दोन-तीन निकाल एकदम येतात. उत्तर द्यायला पंधरा-वीस दिवस उरलेले असतात आणि खर्चाचा हिशेब, शिष्यवृत्तीची विचारणा, कर्जाची कागदपत्रे, घरच्यांशी बोलणे हे सगळे त्याच दिवसांत येऊन पडते. चुका होतात त्या इथे.

हा क्रम बी.आर्च. झालेल्या किंवा शेवटच्या वर्षात असलेल्या आणि अमेरिकेत तीन ते सहा ठिकाणी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. टप्पे सांगितलेल्या क्रमानेच करा. चौथा टप्पा सहाव्यानंतर करायला गेलात तर वेळ पुरत नाही.

टप्पा १: पहिले दहा दिवस, फाइल खरोखर पूर्ण झाली का?

अर्ज ‘सबमिट’ होणे आणि फाइल ‘पूर्ण’ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सबमिट केल्यावर एक-दोन दिवसांत पोर्टलवर कागदपत्रांची यादी दिसते: गुणपत्रके, शिफारसपत्रे, टोफेल किंवा आयईएल्‌टीएस, पोर्टफोलिओ, फी, आणि जिथे मागितली असेल तिथे जीआरई. प्रत्येकासमोर ‘मिळाले’ किंवा ‘प्रतीक्षेत’ असे लिहिलेले असते. एखादी ओळ ‘प्रतीक्षेत’ राहिली, तर अनेक ठिकाणी फाइल निवड समितीपर्यंत जातच नाही.

सगळ्यात आधी एक तक्ता करा. प्रत्येक विद्यापीठासाठी एक ओळ: पोर्टलचा पत्ता, अर्ज क्रमांक, अभ्यासक्रमाचे अचूक नाव, प्रवेश कार्यालयाचा ईमेल, उत्तर देण्याची शेवटची तारीख. काही विद्यापीठांत दोन पोर्टल असतात, एक अर्जाचे आणि दुसरे विद्यापीठाच्या ओळखक्रमांकाचे. ओळखक्रमांकाचा ईमेल बरेच जण जाहिरात समजून पुसून टाकतात, आणि मार्चमध्ये निकाल नेमका त्याच पोर्टलवर लागतो.

मग यादीतली एकेक ओळ तपासा.

*नाव.* आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि बऱ्याचदा आईचेही नाव असते. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव हे वेगवेगळ्या रकान्यांत असतात. टोफेलच्या खात्यात तुम्ही तिसरेच काही भरलेले असू शकते. मग अधिकृत गुण विद्यापीठात पोचतात, पण तुमच्या अर्जाला जोडले जात नाहीत आणि पोर्टलवर महिनाभर ‘प्रतीक्षेत’ दिसत राहतात. गुण पाठवून दहा-बारा दिवस झाले आणि ओळ बदलली नाही, तर प्रवेश कार्यालयाला पाच ओळींचा ईमेल करा: अर्ज क्रमांक, अर्जातले नाव, गुणपत्रकावरचे नाव, जन्मतारीख, परीक्षेचा नोंदणी क्रमांक. सोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडा. एवढ्यावर बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

*भाषेच्या परीक्षेची वैधता.* टोफेल आणि आयईएल्‌टीएसचे गुण दोन वर्षे चालतात. परीक्षा दिलेल्या तारखेपासून मोजा. काही विद्यापीठे गुण अर्जाच्या दिवशी वैध असले तरी चालवून घेतात, काही प्रवेशाच्या दिवशी वैध असण्याची अट घालतात. तुमच्या विद्यापीठाची अट त्यांच्या संकेतस्थळावर शब्दशः वाचा.

*शिफारसपत्रे.* शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांना दुवा आपोआप जातो आणि तो स्पॅममध्ये पडण्याचे प्रमाण मोठे आहे. ‘सर, पत्र पाठवलंत का?’ असे विचारू नका. पोर्टलवरून स्मरणपत्र पुन्हा पाठवा आणि फोन करून नेमके सांगा: अमुक विद्यापीठाच्या नावाने आजच ईमेल आलेला आहे, स्पॅममध्ये पाहावा. मुदतीनंतर थोडे दिवस पत्रे स्वीकारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण हे गृहीत धरू नका, कार्यालयाला विचारा.

> सावध: पोर्टलवर ओळ बदलायला काही कामकाजाचे दिवस लागतात, मुदतीच्या आसपास आणखी जास्त. कागदपत्र पाठवले त्याच दिवशी, मग दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या दिवशी ईमेल करू नका. एकच ईमेल, सगळ्या तपशिलासह.

> तपासा: सगळ्या ओळी ‘मिळाले’ झाल्या की पडद्याचे छायाचित्र तारखेसह साठवून ठेवा. पुढे ‘आम्हाला मिळालेच नाही’ असे उत्तर आले तर याचा उपयोग होतो.

टप्पा २: पोर्टफोलिओला हात लावू नका, मुलाखतीची तयारी मात्र ठेवा

अर्ज पाठवल्यावर आठवड्याभरात प्रत्येकाला आपल्या पोर्टफोलिओत चूक सापडते. शीर्षकातले एखादे अक्षर, प्लॅनवर राहून गेलेली उत्तर दिशा, फिकट छापलेला सेक्शन. सुधारित फाइल पाठवण्याची विनंती करू नका. शुद्धलेखनाच्या एका चुकीने निकाल फिरत नाही, आणि अशा विनंत्या बहुतेक कार्यालये फेटाळतात. अपवाद दोनच: चुकीची फाइल चढवली असेल, किंवा फाइल उघडत नसेल, पाने कमी दिसत असतील. हे मुदत संपल्यावर एक-दोन दिवसांतच कळवायला हवे. कारण एका वाक्यात द्या आणि योग्य फाइल त्यांनी मागितलेल्या आकारातच जोडा.

नवे पारितोषिक मिळाले, स्पर्धेत निवड झाली, पाठवायचे का? विद्यापीठाने ‘नवी माहिती पाठवू शकता’ असे लिहिले असेल तरच. नसेल तर ही बातमी जपून ठेवा. वेटलिस्टवर गेलात तर ती कामाला येईल (टप्पा ७).

काही अभ्यासक्रम फेब्रुवारीत छोटी व्हिडिओ मुलाखत घेतात, तीही चार-पाच दिवसांच्या सूचनेवर. म्हणून आधीच एवढे करून ठेवा: पाठवलेली पीडीएफ जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यातले दोन प्रकल्प निवडा, आणि प्रत्येकावर तीन मिनिटे बोलण्याचा सराव करा. गटाने केलेल्या प्रकल्पात तुम्ही स्वतः काय केले हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ऑफिसातले काम दाखवले असेल तर तिथे हमखास प्रश्न येतो: डिझाइन तुमचे, की ड्रॉइंग तुमचे? इथे वाढवून सांगितलेले लगेच उघडे पडते. जितके केले तितकेच ठामपणे सांगितले तर ते पुरते.

वेळेत गोंधळ करू नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून आपण हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर पुढे जातात आणि हे अंतर साडेनऊ तास होते. मार्चमधल्या मुलाखतीची वेळ फेब्रुवारीच्या हिशेबाने लिहून ठेवली, तर तुम्ही तासभर उशिरा पोचाल.

टप्पा ३: निकालाआधी निकष कागदावर उतरवा

हे काम फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत संपवा. ऑफर हातात आल्यावर लिहिलेले निकष त्या ऑफरला साजेसेच निघतात, म्हणून ते आधी लिहायचे. प्रत्येक अभ्यासक्रमासाठी पुढच्या प्रश्नांची उत्तरे शोधून तक्त्यात भरा.

*पदवी कोणती?* एम.आर्च. या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली व्यावसायिक पदवी, जिला एनएएबीची (अमेरिकेतल्या वास्तुकला अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असते. तिचा कालावधी वास्तुकलेची पार्श्वभूमी नसलेल्यांसाठी साधारण तीन ते साडेतीन वर्षे असतो, आणि ज्यांना आधीच्या शिक्षणाची सूट मिळते त्यांच्यासाठी साधारण दोन वर्षे. दुसरी उत्तर-व्यावसायिक पदवी, म्हणजे ‘एम.आर्च. दोन’ किंवा एम.एस. प्रकारचे अभ्यासक्रम, एक ते दोन वर्षांचे. आपल्या पाच वर्षांच्या बी.आर्च.वाल्यांना हेच अभ्यासक्रम जवळचे वाटतात. पण उत्तर-व्यावसायिक पदवीला एनएएबीची मान्यता नसते. पुढे अमेरिकेत परवाना घ्यायचा असेल, तर त्या मार्गात भारतीय बी.आर्च.चे मूल्यमापन करून घ्यावे लागू शकते. हे काम ईईएसए या व्यवस्थेतून होते. नियम राज्यानुसार बदलतात, म्हणून ज्या राज्यात राहण्याचा विचार आहे त्या राज्याच्या परवाना मंडळाचे पान वाचा. परवान्याचा विचारच नसेल तर हा निकष खोडून टाका, उगाच ओझे नको.

*सुरुवात कोणत्या महिन्यात?* बहुतेक अभ्यासक्रम ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. काही एक वर्षाचे अभ्यासक्रम उन्हाळ्यातच सुरू होतात. कोलंबियाचा प्रगत वास्तुरचनेचा एम.एस. असाच, तीन सलग सत्रांचा आहे. अशा ठिकाणी मार्चअखेरचा निकाल आणि वर्ग सुरू होणे यांत व्हिसासाठी फार थोडे आठवडे उरतात. बी.आर्च.च्या शेवटच्या सत्राचा निकाल जूनमध्ये लागणार असेल तर अडचण दुप्पट होते.

*सीआयपी कोड कोणता?* अभ्यासक्रमाचा विषय सांगणारा हा सहा अंकी कोड आय-२०वर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देते त्या कागदावर, छापलेला असतो. ०४.०९०२ हा कोड अमेरिकी सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे, वास्तुकलेचा नेहमीचा ०४.०२०१ त्या यादीत नाही. स्टेम असेल तर पदवीनंतरच्या बारा महिन्यांच्या ओपीटीला (आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीला) आणखी चोवीस महिन्यांची वाढ मागता येते, मात्र नोकरी देणारी संस्था ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्यांचा कामाचा हक्क तपासणाऱ्या सरकारी व्यवस्थेत) नोंदलेली असावी लागते. एकाच विद्यापीठातल्या दोन शेजारच्या अभ्यासक्रमांचे कोड वेगळे असू शकतात. माजी विद्यार्थ्याच्या तोंडी माहितीवर विसंबू नका, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या.

*स्टुडिओ कसा चालतो?* स्टुडिओ (सत्रभर चालणारा डिझाइनचा मुख्य वर्ग) विद्यार्थी स्वतः निवडतात की चिठ्ठीने मिळतो, शेवटी थीसिस आहे की नाही, कार्यशाळा आणि लेझर कटर रात्री किती वाजेपर्यंत खुले असतात, ज्या प्राध्यापकांमुळे अर्ज केला ते त्या वर्षी शिकवणार आहेत की रजेवर. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि पुढे त्याचीच हळहळ सर्वांत जास्त होते.

टप्पा ४: खर्चाचा ताळा आणि पैशाची कागदपत्रे

ताळा डॉलरमध्ये आणि पूर्ण अभ्यासक्रमाचा मांडा. वार्षिक आकडे समोरासमोर ठेवून तुलना करणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. हिशेब कसा करायचा हे दाखवण्यासाठी एक काल्पनिक जोडी घेऊ.

‘अ’ अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. दर सत्राचे शिक्षण शुल्क २८,००० आणि शिष्यवृत्ती १०,०००. म्हणजे शुल्क ७२,०००. राहणे-खाणे महिन्याला २,२००, वर्षाचे नऊ महिने धरून दोन वर्षांचे ३९,६००. आरोग्य विमा ७,०००. मॉडेल आणि प्लॉटिंग सत्राला १,५०० प्रमाणे ६,०००. एकूण १,२४,६०० डॉलर.

‘ब’ अभ्यासक्रम सलग तीन सत्रांचा, बारा महिन्यांचा. दर सत्र ३०,०००, शिष्यवृत्ती नाही. शुल्क ९०,०००. महागडे शहर, महिन्याला २,६०० प्रमाणे ३१,२००. विमा ४,५००. साहित्य ४,५००. एकूण १,३०,२०० डॉलर.

‘एकच वर्ष, म्हणजे स्वस्त’ असे वाटलेला अभ्यासक्रम ५,६०० डॉलरने महाग निघाला. शिवाय ‘अ’मध्ये मधला उन्हाळा मिळतो. तो तिकडेच काढला तर तीन महिन्यांचा खर्च वाढेल, पण इंटर्नशिपची शक्यताही तेव्हाच असते. ‘ब’मध्ये हा उन्हाळा नाही. दुसऱ्या वर्षी शुल्क थोडे वाढते हेही धरा. प्लॉटिंग आणि मॉडेलचा रकाना रिकामा ठेवू नका. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात तो ‘पुस्तके व इतर’ यात दडलेला असतो आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला तेवढे कधीच पुरत नाही.

ताळा झाला की कागद जमवा: पासपोर्ट, बँकेचे शिल्लक प्रमाणपत्र, मुदत ठेवींची यादी, पालकांचे हमीपत्र, कर्ज घेणार असाल तर बँकेशी पहिली भेट आणि तारणाची कागदपत्रे. कर्ज मंजूर करून घेण्याची घाई नको, पण तारण मालमत्तेची कागदपत्रे तपासायला बँकेला लागणारा वेळ आधी विचारून ठेवा. वडिलोपार्जित घर असेल आणि नावे लावायची राहिली असतील, तर ते फेब्रुवारीत कळलेले बरे.

> सावध: पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (‘पहिले नाव माहीत नाही’ याचे इंग्रजी लघुरूप) छापले जाते. पासपोर्ट दुरुस्त करायचा तर आताच करा, आय-२० निघाल्यावर नको.

टप्पा ५: निकाल येऊ लागले की

निकाल बहुधा ईमेलमध्ये लिहिलेला नसतो. ‘तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे’ एवढेच येते आणि पत्र पोर्टलवर असते. तिकडच्या दुपारी लागलेला निकाल आपल्याला रात्री उशिरा दिसतो. म्हणून पोर्टल सकाळी एकदा पाहणे पुरेसे आहे. रात्रभर जागून काहीही लवकर येत नाही. प्रवेश कार्यालयांचे पत्ते संपर्कयादीत घाला आणि स्पॅम फोल्डर रोज पाहा.

दुसऱ्याला मंगळवारी होकार आला आणि तुम्हाला शुक्रवारपर्यंत काही नाही, यावरून नकार ठरवू नका. होकार, वेटलिस्ट आणि नकार बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या दिवशी जातात, आणि शिष्यवृत्तीसाठी विचारात असलेल्या फाइली कधी कधी मागे राहतात. वेगवेगळ्या अभ्यासक्रमांच्या समित्याही वेगळ्या असतात. संकेतस्थळावर दिलेली निकालाची तारीख उलटून पाच कामकाजाचे दिवस झाले तरच चौकशीचा ईमेल करा. त्याआधी नाही, आणि फोन तर नाहीच.

टप्पा ६: ऑफर पत्र वाचा, मग शिष्यवृत्तीचे बोला

पत्र हाती आले की आनंदाने घरी सांगा आणि त्याच संध्याकाळी हातात पेन घेऊन ते पुन्हा वाचा. पाच गोष्टींखाली रेघ मारा.

१. अभ्यासक्रमाचे नाव आणि वर्षे. तुम्ही दोन वर्षांच्या प्रवेशासाठी अर्ज केला आणि होकार तीन वर्षांच्या मार्गाला आला, असे होते. समितीने आधीच्या शिक्षणाची सूट दिली नाही किंवा निर्णय नंतरवर ठेवला, असा त्याचा अर्थ. एक वर्ष वाढले की खर्चाचा ताळा पूर्ण बदलतो. सूट कमी मिळाली असेल तर फेरविचार मागता येतो का ते विचारा. बी.आर्च.मधल्या रचनाशास्त्र, इमारत सेवा, इतिहास या विषयांचा अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी पुरावा म्हणून लागतो.

२. शिष्यवृत्तीचा आकडा सत्राचा, वर्षाचा की पूर्ण अभ्यासक्रमाचा.

३. ती दुसऱ्या वर्षी चालू राहण्याची अट. किमान सरासरी गुण किती आणि पूर्णवेळ नोंदणी म्हणजे किती श्रेयांक (क्रेडिट).

४. सहायकपद (विभागातले पगारी काम, असिस्टंटशिप) पत्रात लिहिले आहे की ‘संधी उपलब्ध असतात’ एवढेच. दुसऱ्या प्रकारचे शून्य धरा.

५. उत्तराची तारीख, जागा राखण्यासाठी भरायची अनामत किती, ती परत मिळते का, आणि अंतिम गुणपत्रक व पदवीचे प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यायचे. शेवटच्या वर्षाचा निकाल उशिरा लागण्याची शक्यता असेल तर आताच कळवा आणि तात्पुरते प्रमाणपत्र चालेल का ते लेखी घ्या.

आता १५ एप्रिलबद्दल, कारण इथे गैरसमज फार आहे. अमेरिकेतल्या पदव्युत्तर संस्थांच्या परिषदेचा एक ठराव आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी दिलेल्या आर्थिक साहाय्याच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. हा ठराव साहाय्याच्या ऑफरपुरता आहे, नुसत्या प्रवेशाला तो लागू होत नाही. शिवाय सगळ्या विद्यापीठांनी सही केलेली नाही. म्हणून ‘१५ एप्रिलपर्यंत वेळ आहेच’ असे धरू नका, पत्रातली तारीख पाहा. ती आधीची असेल आणि पत्रात शिष्यवृत्ती असेल, तर सही केलेल्यांच्या यादीत विद्यापीठाचे नाव आहे का ते बघून मुदतवाढ मागा.

शिष्यवृत्ती वाढवून मागणे ही तिकडे रीतीची गोष्ट आहे, मात्र घासाघीस केल्यासारखे लिहायचे नाही. ऑफर आल्यापासून आठवड्याभरात पाठवा, कारण उरलेला निधी लवकर संपतो. पहिल्या परिच्छेदात आभार आणि या अभ्यासक्रमात तुम्हाला नेमके काय हवे आहे ते एका वाक्यात. दुसऱ्यात आकडे: एकूण खर्च किती, तुमच्याकडे किती, तूट किती. दुसऱ्या विद्यापीठाची मोठी ऑफर असेल तर तिचे पत्र जोडा. तिसऱ्यात विनंती: साहाय्याचा फेरविचार होऊ शकतो का, आणि उत्तर कधीपर्यंत कळेल. एवढेच. वडिलांची नोकरी गेली, घरात आजारपण आले असे काही अर्जानंतर घडले असेल तर जरूर लिहा आणि कागद जोडा. घडले नसेल तर दुःखाची गोष्ट रचू नका.

> तपासा: एकाच विद्यापीठाला दोन विनंत्या गेल्या नाहीत ना? पहिल्या उत्तराने समाधान झाले नाही म्हणून आठवड्यात पुन्हा विचारणे दार बंद करते.

याच दिवसांत अनेक ठिकाणी प्रवेश मिळालेल्यांसाठी ऑनलाइन भेटीचे सत्र असते. प्राध्यापकांच्या भाषणापेक्षा विद्यार्थ्यांसोबतचा वेगळा तास महत्त्वाचा. टप्पा ३मधल्या स्टुडिओच्या प्रश्नांची खरी उत्तरे तिथे मिळतात.

टप्पा ७: वेटलिस्ट

वेटलिस्टवर नाव आपोआप टिकत नाही. बहुतेक ठिकाणी ‘राहायचे आहे’ असे पोर्टलवर कळवावे लागते आणि त्यालाही तारीख असते. यादी क्रमवार असेलच असे नाही, म्हणून ‘माझा क्रमांक कितवा’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा मिळत नाही.

मग एक पत्र पाठवा, २५० ते ३०० शब्दांचे. त्यात अर्जानंतर घडलेली एक-दोन ठोस गोष्ट असावी (टप्पा २मध्ये जपून ठेवलेली बातमी इथे), आणि तो विशिष्ट स्टुडिओ किंवा संशोधनगट का, याचे एक कारण. उद्देशपत्र (एसओपी) पुन्हा चिकटवू नका. नवा पोर्टफोलिओ त्यांनी मागितला तरच. ‘प्रवेश मिळाल्यास नक्की येईन’ हे वाक्य खरे असेल तरच लिहा आणि एकाच विद्यापीठाला लिहा.

यादी हलते ती मुख्यतः १५ एप्रिलनंतर, इतरांचे नकार आल्यावर. तोवर हातातल्या सर्वांत चांगल्या ऑफरला होकार द्या आणि अनामत भरा. एका ठिकाणी अनामत भरून दुसऱ्याच्या वेटलिस्टवर राहणे मान्य आहे. पुढे वेटलिस्टचा होकार आला तर भरलेली अनामत बहुधा जाते, ती रक्कम ताळ्यात धरा. दोन विद्यापीठांत एकाच वेळी अनामत भरणे मात्र चुकीचे आहे. त्याने वेटलिस्टवरच्या दुसऱ्या कुणाची जागा तुम्ही अडवता.

स्वतःसाठी एक शेवटची तारीख ठरवा. आय-२० यायला काही आठवडे, त्यानंतर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळणे, त्यानंतर घर शोधणे. ऑगस्टमध्ये वर्ग असतील तर जूनच्या मध्यानंतर आलेला होकार स्वीकारायचा की नाही, हे आताच घरच्यांसोबत ठरवून लिहून ठेवा.

टप्पा ८: होकार, नकार आणि त्यानंतरचे दोन आठवडे

शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका. पूर्व किनाऱ्यावरचे १५ एप्रिलचे रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे १६ एप्रिलची सकाळ ९:२९. पण पत्रात ‘सायंकाळी ५’ लिहिले असेल तर हे गणित चालत नाही. अनामत भरण्याच्या दोन दिवस आधी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का आणि त्यांची मर्यादा किती आहे ते बँकेच्या ॲपमध्ये पाहा. ते बंद असल्यामुळे शेवटच्या तासात अनामत अडकलेले विद्यार्थी दर वर्षी असतात.

क्रम असा ठेवा: पोर्टलवर होकार, अनामत, पावती साठवणे, आणि त्याच दिवशी बाकीच्या विद्यापीठांना दोन ओळींचा नकार. नकाराची कारणे द्यायची गरज नाही.

पुढच्या वर्षी जायचे मनात असेल तर होकार देण्याआधी विचारा. अनेक वास्तुकला विभाग प्रवेश पुढे ढकलू देत नाहीत, आणि जे देतात तिथे शिष्यवृत्ती टिकेलच असे नाही.

मग आय-२०साठी पासपोर्ट आणि पैशाची कागदपत्रे चढवा. किमान पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो. अभ्यासक्रम वर्षाहून कमी असेल तर सगळा. कागदावरची शिल्लक विद्यापीठाने मागितलेल्या आकड्याहून थोडी जास्त ठेवा, कारण रुपयांतली रक्कम डॉलरमध्ये बदलताना दर हलतो. आय-२० आला की नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, अभ्यासक्रम, सीआयपी कोड आणि सुरुवातीची तारीख पासपोर्ट व ऑफर पत्राशी ताडून पाहा. चूक दिसली तर आधी दुरुस्ती, मगच ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) आणि डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज). दोन्हींत आय-२०वरचा ‘एन’ने सुरू होणारा क्रमांक हुबेहूब उतरवा.

सगळीकडून नकार आले असतील तर एप्रिलमध्ये कुणालाही कारण विचारू नका, कार्यालये तेव्हा कामात बुडालेली असतात. मे-जूनमध्ये एका ईमेलमध्ये विचारा की पुन्हा अर्ज करणाऱ्यांना अभिप्राय मिळतो का. बरीच विद्यापीठे देत नाहीत. पुन्हा अर्ज करायचा ठरवलात तर पाठवलेला पोर्टफोलिओ मूळ अर्जातला एकही शब्द न वाचलेल्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या वास्तुविशारदाला दाखवा आणि प्रत्येक प्रकल्प पाहून झाल्यावर त्यांना त्यातून काय कळले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. जिथे त्यांचे वाक्य तुमच्या हेतूपासून दूर गेले असेल, ती पाने आधी बदला.